गडगडलं की मेन खाली

‘आपोआप’ हा शब्द कोणी माझ्यासमोर उच्चारला की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, निवृत्त झालात, आता तरी सोडा. पण सुटत नाही. ‘फाईल आपोआप उडाली’, ‘मशीनने आपोआप खाल्ली’, ‘काल होती, आज आपोआप नाही’. अहो, आपोआप काही होत नसतं! आंबासुद्धा आपोआप खाली येत नाही. देठ पिकलेला असतो, वारा सुटलेला असतो, नाहीतर कोणीतरी खालून आंबे काढायचा झेला लावलेला असतो. मग कंप्युटरमधली फाईल तेवढी आपोआप कशी जाईल?

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मी पुण्यातल्या एका कंप्युटर कंपनीचा कोकणातला सर्व्हिस इंजिनियर होतो. ‘कोकणातला’ म्हणजे अख्ख्या कोकणाचा मी एकटाच. राहायला रत्नागिरीत, आणि बॅग घेऊन एसटीने खेडपासून राजापूरपर्यंत. मशीनं मोजकी होती, त्यामुळे ज्याच्याकडे ती होती तो मनुष्य आपल्याकडे हत्ती असल्यासारखा वागायचा. मशीनला वातानुकूलित खोली, खिडकीला पडदे, दाराबाहेर चपला काढायच्या. आणि या सगळ्या थाटामाटात मशीन कसं चालतं हे विचारून घ्यायची मात्र कोणालाच गरज वाटत नसे.

फाईल बिघडते म्हणजे काय, ते आधी साध्या भाषेत सांगतो. एक मोठं गोदाम आहे असं समजा. एकाच बागायतदाराच्या आंब्याच्या पेट्या आल्या, पण एकत्र ठेवायला जागा नाही. मग जिथे फट सापडेल तिथे एकेक पेटी सारली आणि कुठे काय ठेवलं त्याची यादी दारावर टांगली. कंप्युटर फाईल अशीच ठेवतो, तुकड्यातुकड्यांनी. आधी तुकडे ठेवतो, मग यादीत नोंद करतो. आता तुकडे ठेवून झाले आणि यादी लिहायच्या आत वीज गेली तर? माल आत आहे, पण यादीला पत्ता नाही. किंवा यादीत लिहिलंय, पण त्या जागी दुसऱ्याचाच माल. मशीन बिचारं यादीवर विश्वास ठेवतं आणि पडद्यावर भलतीच चिन्हं दाखवतं. कधीकधी ज्या फायलींवर मशीन स्वतः सुरू होतं त्यांचीच ही गत होते. मग सकाळी बटण दाबलं की काळा पडदा, आणि मला ट्रंककॉल.

बिघाडाची कारणं मला तोंडपाठ होती, पण ती ऐकायला कोणी तयार नसे. खेडजवळच्या लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्यात दर आठवड्याला एक फ्लॉपी मरायची. मी जाऊन बघतो तर शिफ्टचे मुख्य साहेब पुढच्या पाळीला पटकन दिसावी म्हणून फ्लॉपी लोखंडी कपाटाला लोहचुंबकाने चिकटवून घरी जात. चुंबकाने! फ्लॉपीवरचा मजकूर मुळात चुंबकाच्याच भाषेत लिहिलेला असतो. त्याच्यावर चुंबक लावणं म्हणजे पाटीवर ओला बोळा फिरवणं. मी हे समजावल्यावर साहेबांनी काय करावं? ते म्हणाले, “पण चुंबक इंपोर्टेड आहे.” आणि मेमो तोवर मिळून चुकला होता, तो बिचाऱ्या कंत्राटी ऑपरेटरला.

रत्नागिरीतल्या एका वकीलसाहेबांच्या फ्लॉप्यांना पावसाळ्यात बुरशी आली. आमच्याकडे आषाढात चपलेला बुरशी येते, चष्म्याच्या घराला येते, फ्लॉपीला का येऊ नये? तिला कोरडं ठेवायचं, घट्ट झाकणाच्या डब्यात. वकीलसाहेबांनी त्या घरी नेऊन चुलीच्या वैलाशेजारी सुकत ठेवल्या. पापड ठेवतात तशा! त्या पापडासारख्याच वळल्या. मी त्यांच्या कचेरीत गेलो तेव्हा ते टायपिस्टला झापत होते, की तिने जोरात कळा दाबल्या म्हणून हे झालं.

पुढे व्हायरसही आला. तो आणणारेही बडे साहेबच. मुंबईहून खेळाची फ्लॉपी आणायची, जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या मशीनवर खेळायचं, आणि मशीन आजारी पडलं की ‘काल झाडूवाली आत गेली होती’ म्हणून सांगायचं. झाडूने व्हायरस लागतो हे मला त्या दिवशी कळलं.

तुमच्या लक्षात आलं असेल. बिघाड करणारा वेगळा आणि बोलणी खाणारा वेगळा. आमच्या सर्व्हिस रिपोर्टवर ‘ऑपरेटरची चूक’ असा छापील रकाना होता. ‘मालकाची चूक’ असा रकाना छापायची हिंमत कोणी केली नव्हती. याचा संताप मला तेव्हाही यायचा, आजही येतो. पण ज्या प्रकरणाने माझी झोप उडवली ते नसीमाचं.

रत्नागिरीतच, मांडवीच्या वाटेवर, आंबा बागायतदारांची एक सहकारी संस्था होती. कोणाच्या बागेतून किती पेट्या आल्या आणि कुठल्या बाजारात गेल्या याची नोंद ठेवायला त्यांनी मोठ्या हौसेने कंप्युटर घेतला. संस्थेचे मॅनेजर सुर्वे. मनुष्य उलाढाल्या, बागायतदारांत वजन असलेला, स्वतः चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. मागच्या चौकापलीकडे पेंढा ठेवायची जुनी खोली होती, ती साफ करून, एसी लावून, तिथे मशीन बसवलं. आणि मशीनवर बसायला आली नसीमा.

नसीमा राजिवड्याची. वडील कुवेतला होते, घर चालवायचे ते दाऊदचाचा, तिचे चुलते. बी.कॉम. झालेली, टायपिंग पास, मुंबईला मामाकडे राहून कंप्युटरचा कोर्स करून आलेली. त्या घरातली नोकरीला बाहेर पडलेली ती पहिली मुलगी. चाचांनी परवानगी दिली, पण अट घालून. मशीन बसवायला गेलो तेव्हा तिनेच मला हसत हसत सांगितलं होतं, “चाचा म्हणाले, जा, पण तुझ्याबद्दल एक वावगा शब्द घरापर्यंत आला तर दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं. आणि माझ्या मागे दोन बहिणी आहेत, साहेब. माझं नीट झालं तर त्यांचंही होईल.”

काम शिकवताना मला कळलं की मुलगी फार नीटस आहे. दर संध्याकाळी ती दिवसभराच्या कामाची नक्कल फ्लॉपीवर काढून ठेवायची. हे मोठ्यामोठ्या कचेऱ्यांत कोणी करत नव्हतं.

मार्च-एप्रिल सुरळीत गेले. मे महिन्यात, ऐन हंगामात, सुर्व्यांचा फोन आला. “इंजिनियर, तुमच्या मशिनीनं आमच्या पेट्या गिळल्या. ताबडतोब या.”

गेलो. पेट्यांची फाईल अर्धी शाबूत, अर्धी चिन्हांची खिचडी. हेदवीच्या माणसाच्या पेट्या अंजनवेलच्या माणसाच्या नावावर, आणि काहींची नावंच नाहीत. ज्यांची नावं गेली ते बागायतदार सुर्व्यांच्या केबिनबाहेर उभे. नसीमाने शांतपणे सांगितलं, “दुपारी लाईट गेली, साहेब. मी एंट्री करत होते. अंधार झाला, एसी बंद पडला, मशीन बंद पडलं. थोड्या वेळाने लाईट आली तेव्हा फाईल अशी होती.”

मला यात काहीच नवल वाटलं नाही. पण सुर्वे उसळले. “लाईट गेलीच नाय वो! बाजूला बर्फाचा कारखाना हाय, एकाच तारेवर दोघं. मी सोता फोन करून इचारला. त्यांची मशिनरी दिवसभर चालू. मग हिच्या एकटीची लाईट कशी गेली?”

मी कचेरीत सगळ्यांना विचारलं. दोन कारकून, शिपाई तुकाराम, सगळे म्हणाले, नाही, लाईट काही गेली नाही. तुकारामाने तर वर पुस्ती जोडली, “गेली असती तर आमाला कळला असता ना.” मी प्लग तपासले, वायरिंग तपासलं, स्टॅबिलायझर तपासला. हा स्टॅबिलायझर म्हणजे लाल दिव्याचा डबा. तो विजेचा दाब कमीजास्त झाला तर सांभाळतो, पण वीजच गेली तर तो काय करणार? विकताना मात्र आमच्या सेल्समनने ‘हा असला की काळजी नाही’ असं ठोकून दिलेलं. मी नसीमाच्या आदल्या संध्याकाळच्या नकलेवरून तुकडे जुळवून फाईल उभी केली आणि परत आलो.

काही दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी जास्त वाईट, कारण फाईलचा एक कोपरा आतून किडलेला होता आणि ते वरून दिसत नव्हतं. नसीमाने संध्याकाळी त्याच फ्लॉपीवर, जुनी पुसून, तिची नेहमीची नक्कल काढली. कंप्युटरने इमानेइतबारे त्या किडलेल्या फाईलचीच नक्कल काढली. म्हणजे मूळ गेलं आणि नक्कलही गेली. सकाळी सुर्व्यांनी विचारलं, तेव्हा ती पुन्हा म्हणाली, काल दुपारी लाईट गेली होती. सुर्व्यांनी पुन्हा बर्फाच्या कारखान्यात फोन केला. तिथे वीज चालू होती. मग चौकात, दोन्ही कारकून आणि आठदहा बागायतदारांच्या समोर ते तिला म्हणाले, “काम बिघडवतेस ते बिघडवतेस, वर खोटा बोलतेस!”

तेवढ्यावर थांबले नाहीत. संध्याकाळी जेटीवर दाऊदचाचा भेटले, त्यांना सांगितलं, तुमची पोरगी हुशार असेल, पण बोलायला खरी नाही. झालं. दुसऱ्या दिवसापासून नसीमा आलीच नाही.

हे सगळं मला सुर्व्यांनीच ऐकवलं, त्यांच्या केबिनमध्ये, चहा पाजून. मी फाईल दुरुस्त करायला गेलो होतो. आत मशीनवर डिस्कची तपासणी लावून ठेवली होती आणि ती होईपर्यंत त्यांच्यासमोर बसलो होतो. बाहेर आभाळ भरून आलं होतं. वळवाचं, मेअखेरीचं. सुर्वे सांगत होते, “मना राग कशाचा आला म्हाईत हाय? चूक झाली तर कबूल करावी माणसानं. पन खोटा...”

लांब सड्याच्या माळावर गडगडलं.

सुर्व्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर मेन स्विच होता, जुना, लोखंडी, बाजूला दांडा असलेला. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. बोलता बोलता उजवा हात मागे गेला आणि दांडा खाली आला. खट्. डोक्यावरचा पंखा मंदावत गेला. “...पन खोटा बोलायचा नाय,” त्यांनी वाक्य पुरं केलं आणि कपातला चहा बशीत ओतला.

मी जागच्या जागी ताडकन उभा राहिलो. “हे काय केलंत?”

“कुटं काय?”

“मेन! मेन खाली केलात तुम्ही!”

“गडगडला ना,” ते म्हणाले. मला काय झालंय हेच त्यांना कळेना.

मी चौकात धावलो. पलीकडच्या खोलीत काळोख, एसी बंद, मशीन मेलेलं आणि माझी तपासणी अर्ध्यावर तुटलेली. तुकाराम दारात शांतपणे विडी ओढत होता. मी त्याला गदागदा हलवायचंच बाकी होतं. “तुकाराम, लाईट गेली का आत्ता?”

“नाय ओ. लाईट हाय. सायबांनी मेन खाली केलाय.”

“हे नेहमी करतात?”

“मंग! गडगडला की मेन खाली. आमच्याकडं पयल्यापासून. घरी पन तसाच.”

“आणि त्या दिवशी मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तुमी लाईट गेली का इचारलात,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेशही नव्हता. खोटं कोणीच बोललेलं नव्हतं. अंगणातलं वाळवण आत घ्यावं, गुरं गोठ्यात बांधावीत, तसा गडगडाट झाला की मेन खाली यायचा. ते कोणाच्या लक्षात राहण्यासारखं काम नव्हतंच. आणि नसीमाच्या बंद खोलीत, एसीच्या घरघरीत, पडद्याआड, आभाळ गडगडल्याचा पत्ता लागणार कसा? तिच्यापुरती लाईट गेली. ती अक्षर न् अक्षर खरं बोलली होती.

मेन खाली करणं ही चूक नव्हे, हे मी आधीच सांगतो. आमच्याकडच्या सड्यांवर विजा कशा कोसळतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. माड उभे जळतात. घराघरांत वायरिंग काळं पडलेलं मी पाहिलंय. तारेतून वीज आत शिरली असती तर फाईलच काय, मशीनही उरलं नसतं. सुर्वे घाबरले ते बरोबरच होतं. पण चौकापलीकडे एक मुलगी त्याच मेनवर काम करत बसली आहे, तर ‘नसीमा, मेन काढतोय गो, आवर’ अशी एक हाक? एक हाक मारायला काय लागत होतं? फाईल बंद करून मशीन थांबवायला तिला जेवढा वेळ हवा होता, तेवढ्या वेळात सुर्व्यांचा बशीतला चहा निवलाही नसता. बागायतदार आला की ‘बसा हो, चहा घ्या’ म्हणून चौकाच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशी हाक मारणारा हा मनुष्य! तिला हाक मारायची असते हे त्याच्या मनातच आलं नाही. मशीनला एसी दिला, पडदे दिले, मशीनवर बसणाऱ्या माणसाला एक शब्द दिला नाही.

मी सुर्व्यांना हे सगळं सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. ते आधी हसले, मग म्हणाले, “मंजे माज्यामुळं?” मी हो म्हणालो. त्यांनी मला परत चहा मागवला.

मी रिपोर्टात लिहिलं, ‘मॅनेजरांनी पूर्वसूचनेशिवाय मेन स्विच बंद केल्यामुळे.’ पुण्याहून माझ्या साहेबांचा फोन आला, गिऱ्हाईकाचं नाव असं घेतात का, ‘ऑपरेटरची चूक’ लिहून मोकळा हो. मी म्हणालो, तुम्ही येऊन लिहा. ते काही आले नाहीत.

सुर्व्यांनी नसीमाला निरोप पाठवला. त्याचं कारणही सांगतो, उगाच त्यांना मोठेपणा नको. तिच्याशिवाय त्या मशीनवर कोणाचं पान हलत नव्हतं, आणि पाऊस तोंडावर आला होता. मी तपासणी पुरी करायला गेलो होतो त्याच सकाळी ती आली. बरोबर दाऊदचाचा. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, चेहरा दगडासारखा.

सुर्वे म्हणाले, “ये, ये, बस केबिनमधी.”

नसीमा चौकातच उभी राहिली. “साहेब, मला तुम्ही इथे उभं करून खोटी म्हणालात. जे काय सांगायचं ते इथेच सांगा. चाचा पण ऐकतील.”

कारकून माना वर करून बघायला लागले. तुकाराम चहाचा ट्रे घेऊन तसाच थांबला. मला वाटलं, आता होईल. सुर्वे मनाने वाईट नव्हते, दोन शब्द तर बोलायचे होते. त्यांनी घसा खाकरला, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मोठ्यांदा म्हणाले, “ह्या मुलीची काय चूक नव्हती. मशीनच नवीन, त्याच्यातच दोष होता. इंजिनियरांनी आता काढलाय.”

आणि माझ्याकडे बघून मान हलवली, मी होकार द्यावा म्हणून.

“नाही,” मी म्हणालो. “मशीनमध्ये काहीही नव्हतं.”

नसीमाने माझ्याकडे पाहिलं नाही. ती सुर्व्यांकडेच बघत होती. “मग कोणाची चूक होती, साहेब? तेवढं सांगा. मी आत्ता आत जाऊन बसते.”

दाऊदचाचासुद्धा सुर्व्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला आजही खात्री आहे, त्या म्हाताऱ्याला ते वाक्य ऐकायचं होतं. त्याला ते ऐकून पुतणीला तिथे ठेवून परत जायचं होतं.

“आता झाला गेला, कशाला उगाच उगाळायचा,” सुर्वे म्हणाले.

नसीमाने पदर सारखा केला. “चला, चाचा,” ती म्हणाली. दाऊदचाचांनी मला तेवढा सलाम केला, आणि दोघं चौक ओलांडून निघाले. पुढे राजिवड्यातल्या ओळखीच्यांकडून कळलं की तिच्या बहिणींना नोकरीची परवानगी मिळाली नाही. पण ते नंतरचं. त्या सकाळी ती दोघं अजून फाटकापर्यंतही पोचली नव्हती, तेवढ्यात सुर्व्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, “इंजिनियर, तुमच्या वळखीत दुसरी कोन पोरगी हाय काय? टायपिंग येनारी?”

“आहेत,” मी म्हणालो. “पण तुमच्याकडे एकीलाही पाठवणार नाही.”